नाशिक खोऱ्यातील वाईन : पेल्यातून दिसणारी द्राक्षबाग

खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार आपल्या मालाची परीक्षा मण्याची फुगवण, रंग, देठाचा ताजेपणा आणि पेटीचे वजन यांवरून करितो. वाईनसाठी लावलेल्या द्राक्षाची परीक्षा तशी होत नाही. हा मणी लहान, जाड सालीचा व बियांनी भरलेला असतो. बाजारात त्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. त्याचा खरा कस तो वायनरीत जाऊन, आंबून, निवळून, बाटलीत भरून पेल्यात आला म्हणजे लागतो. तेथवर बागाईतदार पोहोचत नाही. आपल्या शेतातला माल शेवटी कसा लागला हे त्यास ठाऊक नसते, आणि ज्यास आपल्या मालाचा गुण ठाऊक नाही त्यास भाव ठरविताना बोलता येत नाही. सबब नाशिक खोऱ्यातील व त्याच्या शेजारच्या प्रदेशातील काही प्रसिद्ध वाईन आम्ही गेल्या हंगामात मुद्दाम चाखून पाहिल्या. त्यांत बागेचे कोणते गुणदोष उतरलेले दिसले, ते आमच्या बागाईतदार वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. 1949 चा दारूबंदीचा कायदा आजही आपल्या राज्याच्या पुस्तकात आहे, आणि ज्या घरात पेला शिरला त्या घराची काय दशा होते हे खेडोपाडी सर्वांस दिसते. परंतु हजारो एकर जमिनीत उभ्या असलेल्या पिकाकडे डोळेझाक करणे हेही शेतकऱ्याच्या हिताचे नव्हे. परीक्षक चाखलेला घोट गिळीत नाही. तोंडात घोळवून थुंकून टाकितो. आम्हीही तीच रीत पाळली. तसेच वैद्यांचे द्राक्षासव ही वस्तु निराळी. तिच्याशी या लेखाचा संबंध नाही.

परीक्षणाची रीत

वाईन आधी पाहावी, मग हुंगावी, मग चाखावी. पांढरी वाईन सुमारे 8 ते 12 अंश उष्णतामानाची असावी, तांबडी 16 ते 18 अंशांची. तांबडी वाईन घराच्या उष्णतेत ठेवावी असे जे पुस्तकात लिहिलेले असते ते युरोपातील घराविषयी होय. आपल्याकडील 30 अंशांच्या घरात तिच्यातील मद्यार्क नाकात चढतो आणि फळाचा वास दबून जातो. चाखताना चार गोष्टींकडे लक्ष ठेवावे : गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि घोट गेल्यावर मागे राहणारी चव. आंबटपणा म्हणजे कोकमाच्या साराने तोंडास पाणी सुटते तो गुण. तुरटपणा म्हणजे कच्च्या जांभळाने किंवा हिरड्याने जिभेस बसणारी मिठी. हा तुरटपणा साल व बी यांतून येतो, म्हणून तो तांबड्या वाईनमध्ये अधिक. कारण ती सालींसकट आंबवितात, पांढरी मात्र रस काढून निराळी आंबवितात.

पांढऱ्या वाईन

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस सुला या वायनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी 1997 साली वाईनच्या द्राक्षांची लागण केली, आणि 2000 साली त्यांची वाईन बाजारात आली. त्या आरंभीच्या जाती दोन : सॉव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां. दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या. आजही नाशिकच्या पांढऱ्या वाईनची ओळख याच दोहोंनी होते.

सुलाची सॉव्हिन्यॉं ब्लां रंगाने जवळजवळ पाण्यासारखी, किंचित हिरवट झाकेची. नाकाशी नेताच कापलेली ढोबळी मिरची आणि पहिल्या पावसानंतरचे ओले गवत आठवते. त्यामागून पेरूचा व लिंबाच्या सालीचा वास येतो. चवीस ती कोरडी व चटपटीत आहे. यातील मिरचीचा वास बागाईतदाराने नीट ओळखावा. तो द्राक्षातील एका नैसर्गिक द्रव्याचा असून फळ हिरवे असताना पुष्कळ असतो व ऊन लागेल तसतसा कमी होतो. घडांवर पानांची दाट सावली राहिली, तर हा वास उरतो आणि वाईन हिरवट लागते. घडांवरची सर्व पाने काढली, तर वास उडून जातो आणि घडही करपतात. सकाळचे ऊन मिळावे व दुपारचे टळावे, अशा बेताने पूर्वेच्या अंगाची थोडी पाने काढणे हाच मध्यममार्ग होय. वाईनमध्ये मिरची आणि पेरू दोन्ही सापडले, म्हणजे कोणा शेतकऱ्याने पानांचा बेत बरोबर साधला असे समजावे.

शेनिन ब्लांचा स्वभाव याहून मवाळ. सुलाच्या शेनिनमध्ये पिकल्या खरबुजाचा व मधाचा वास असून चवीस ती थोडी गोडसर आहे. आमच्या लोकांच्या तिखट जेवणाबरोबर ती चांगली जुळते. तिखटावर कोरडी वाईन कडवट लागते, गोडसर लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने शेनिनचा मोठा गुण असा की, उष्ण हवेतही तिचा आंबटपणा लवकर ढळत नाही आणि पीकही भरघोस येते. परंतु तेथेच धोकाही आहे. वेलीवर वाजवीपेक्षा अधिक घड ठेविले, तर शेनिनची वाईन साखरपाण्यासारखी फिकी उतरते. आम्ही चाखलेल्या एका स्वस्त बाटलीत गोडी होती, वास नव्हता, आणि घोट गेल्यावर मागे काहीच उरत नव्हते. हा दोष आंबविणाराचा थोडा व वेलीवरील ओझ्याचा फार. त्या बाटलीचे नाव आम्ही देत नाही, कारण हा दोष एकट्या बाटलीचा नव्हे.

याच शेनिनचे दुसरे टोक इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाकाठच्या व्हालोने या लहान वायनरीने दाखविले आहे. तेथे घड सुकवून, रस आटवून, गोड वाईन करितात. सोनेरी रंग, बेदाणा व जर्दाळू यांचा वास, आणि गोडीस तोलून धरणारा आंबटपणा. वजन घटते, उतारा थोडा निघतो, म्हणून किंमत चढी. हा माल थोडाच खपणार. परंतु एकाच जातीच्या द्राक्षातून किती निरनिराळ्या वस्तु निघू शकतात याचा हा उत्तम दाखला आहे.

तांबड्या वाईन

तांबड्यांमध्ये आपल्या हवेस शिराझ ही जात सर्वांत मानवलेली दिसते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही ओकच्या पिंपांत सुमारे वर्षभर मुरविलेली वाईन असून तिचा रंग जांभळाच्या रसासारखा गडद आहे. वासात जांभूळ, करवंद आणि ताजी कुटलेली काळी मिरी. पिंपाच्या लाकडामुळे त्यात व्हॅनिला व लवंग यांची भर पडलेली. तुरटपणा आहे, पण तो जिभेस ओरबाडीत नाही. शिराझमधील मिरीचा वास हा कल्पनेचा खेळ नव्हे. मिरीस जो तिखट वास ज्या द्रव्यामुळे असतो, तेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत सापडले आहे. थंड रात्री मिळालेल्या फळात ते अधिक टिकते, आणि दिंडोरीकडील माघातल्या रात्री पुरेशा थंड असतात.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातील फ्रातेल्ली या वायनरीची गोष्ट निराळी. इटलीतील व आपल्याकडील भागीदारांनी मिळून 2007 च्या सुमारास तेथे बागा लावल्या. त्यांची सेत्ते ही वाईन सांजोवेझे या इटालियन जातीत काबर्ने सॉव्हिन्यॉं मिसळून केलेली आहे. तिच्यात चेरीसारखा आंबटगोड वास, वाळलेल्या तंबाखूच्या पानाची छटा आणि दांडगा तुरटपणा आढळला. बाटलीत दोनचार वर्षे पडून राहिल्याने ती सुधारते. माळशिरसचा मुलूख नाशिकपेक्षा उष्ण व कोरडा. तेथे पावसाचा व केवड्याचा त्रास थोडा, परंतु आंबटपणा राखणे अवघड. सांजोवेझे जातीत तो मुळातच भरपूर असल्याने निवड शहाणपणाची ठरली. निफाडजवळील रेव्हेलो या वायनरीनेही असाच विचार करून सिसिली या उष्ण बेटावरील नेरो दाव्होला व ग्रिल्लो या जाती आणून लाविल्या. उष्ण मुलुखाने उष्ण मुलुखाकडून जात घ्यावी हा धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शेजारच्या कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांची ला रिझर्व्ह ही काबर्ने व शिराझ यांची मिश्र वाईन जुनी व नाणावलेली आहे. तिचा सौम्यपणा पाहून काबर्ने एकटी ठेवण्यापेक्षा शिराझच्या जोडीने बरी लागते, हे आमचे मत दृढ झाले. नाशिककडील नुसत्या काबर्नेच्या काही बाटल्यांत एकीकडे हिरव्या मिरचीचा वास आणि दुसरीकडे शिजविलेल्या मुरंब्याची चव असे दोन्ही दोष एकत्र सापडले. साखर उन्हाने भराभर चढली, परंतु साल व बी पिकण्यास अवधी मिळाला नाही, असा त्याचा अर्थ.

फेसाळ वाईन

नारायणगाव येथे 1980 नंतरच्या दशकातच फेसाळ वाईन तयार होऊन परदेशी जाऊ लागली होती. सध्या दिंडोरी तालुक्यात शांदों या फ्रेंच घराण्याची वायनरी असून तिची ब्रूत ही वाईन शेनिन ब्लां, शार्दोने व पिनो न्वार या जातींच्या रसाची आहे. बुडबुडे बारीक, सफरचंदाचा व ताज्या पावाचा वास, चव कोरडी व स्वच्छ. अशा वाईनसाठी द्राक्ष लवकर, 18 ते 19 ब्रिक्सवरच, खुडतात. कारण तीस आंबटपणा हवा असतो आणि बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना मद्यार्क वाढतो. बागाईतदारास यात स्पष्ट लाभ आहे : माल लवकर निघतो, वजन पुरते मिळते आणि फाल्गुनातील अवकाळी पाऊस व गारपीट यांच्या आधी बाग रिकामी होते.

छाटणीची तारीख

वरील सर्व चवींच्या मुळाशी एक गोष्ट आहे. युरोपात द्राक्ष पिकत जाते तसतशी हवा थंडावत जाते. भाद्रपद-आश्विनात तेथे रात्री गार होतात, आणि फळाची साखर वाढताना आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे हे नेमके उलट आहे. आपण एप्रिलात खरड छाटणी करितो व सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. माल जानेवारी ते मार्च या काळात पिकतो. म्हणजे फळ पिकत असताना दिवस तापत जातात. उष्ण रात्री वेल मण्यातील मॅलिक आम्ल जाळून टाकते. मग वाईन मऊ, निस्तेज व लवकर बिघडणारी होते. म्हणून पिकण्याचा शेवटचा काळ पौष-माघाच्या थंडीत यावा, अशी वायनरीची इच्छा असते. निफाडकडे तर या दिवसांत पारा पुष्कळदा 10 अंशांखाली उतरतो. त्यासाठी फळछाटणी सप्टेंबरात उरकावी लागते.

परंतु सप्टेंबरात पाऊस संपलेला नसतो. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की केवडा आलाच, आणि फुलोऱ्यात तो घडात शिरला म्हणजे सारे वर्ष वाया. येथे वायनरीचे हित व बागाईतदाराचे भय समोरासमोर उभे राहते. लवकर छाटणी केली तर चव वायनरीस मिळते, धोका मात्र शेतकऱ्याच्या पदरी पडतो. आमचे मत असे की, सर्व बाग एकाच दिवशी छाटू नये. निचऱ्याच्या, मुरमाड, वारा खेळणाऱ्या तुकड्यात लवकर छाटावे व तेथे पांढऱ्या जाती असाव्यात. भारी जमिनीत व सखल भागात पंधरवडा थांबावे. आणि वायनरीने विशिष्ट तारखेचा आग्रह धरला, तर त्या आग्रहाचे मोल करारात लिहून घ्यावे.

फवारणीचा वास बाटलीत

आणखी दोन गोष्टी चाखताना आमच्या ध्यानात आल्या. एका तांबड्या वाईनमध्ये कुजक्या अंड्याचा वास होता. त्याची कारणे अनेक असू शकतात. परंतु भुरीसाठी मारलेला गंधक खुडणीच्या अगदी जवळ येऊन घडांवर राहिला, तर आंबताना यीस्ट त्याचे रूपांतर अशाच दुर्गंधी वायूत करिते, हे सिद्ध आहे. दुसरे बोर्डो मिश्रणाविषयी. हे मिश्रण मूळ फ्रान्समधील बोर्दो प्रांतातलेच. तेथे वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींस केवडा लागत नाही हे पाहून मियार्दे या शास्त्रज्ञाने 1885 साली त्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्याच बोर्दोतील संशोधकांनी पुढे असेही दाखविले की, तांबे रसात उतरले म्हणजे सॉव्हिन्यॉं ब्लांचा पेरूसारखा सुवास मारला जातो. सबब या जातीवर मण्यांत पाणी उतरल्यानंतर तांब्याचा फवारा टाळावा. फवारणीची वही नीट ठेवणाऱ्या शेतकऱ्यास वायनरीशी बोलताना तीच वही वकिलाचे काम करील.

भाव आणि करार

आता मुद्द्याची गोष्ट. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क निघाले, आणि पुष्कळ बागाईतदारांनी उत्साहाने वाईनच्या जाती लाविल्या. मग 2008 साली जगभर मंदी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलांचा धंदा बसला. वायनऱ्यांत माल पडून राहिला, नवी द्राक्षे कोणी घेईना, अनेकांचे पैसे अडकले. खाण्याची द्राक्षे पडत्या भावात का होईना बाजारात जातात किंवा त्यांचे बेदाणे होतात. शिराझचे काय करणार? कित्येकांनी वेली उपटल्या, कित्येकांनी त्यांवर खाण्याच्या जातींची कलमे बांधली. हा इतिहास विसरून कोणी नवी लागण करू नये.

वाईनच्या द्राक्षास जिब्रेलिकची बुडवणी नाही, मण्यांची विरळणी नाही, पेटी भरण्याची नजाकत नाही. म्हणून खर्च कमी. परंतु गुण हवा असेल तर एकरी चार ते सहा टनांवर मोह धरू नये, म्हणून उत्पन्नही कमी. अशा स्थितीत भाव केवळ वजनावर ठरणे अन्यायाचे आहे. एक साधा हिशोब पाहा. पाच टन माल 20 ब्रिक्सवर उभा आहे. वायनरी म्हणते, 22 होऊ द्या. शेवटच्या दिवसांत हा आकडा पुष्कळदा मण्यातील पाणी उडूनच चढतो. तसे झाल्यास 5000 किलो माल सुमारे 4545 किलोवर येतो. म्हणजे साडेचारशे किलो वजन हवेत गेले. शेतकऱ्याचे नुकसान न होण्यास भाव किलोमागे एक दशांशाने वाढला पाहिजे, आणि त्या दिवसांतील पावसाचा, पाखरांचा व गारांचा धोका याहून निराळा. म्हणून करारात ब्रिक्सप्रमाणे चढता भाव असावा. खुडणीचा दिवस लांबविल्यास त्याची भरपाई असावी. आम्लाचे व साखरेचे मोजमाप दोघांसमक्ष बागेतच व्हावे. पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहिलेले असावे. आणि करार निदान पाच हंगामांचा असावा, कारण वेल तिसऱ्या वर्षी धरते आणि एका वर्षाच्या शब्दावर तिची लागण करणे म्हणजे जुगार होय.

यासाठी आमच्या संघाच्या सभासदांनी एक काम अवश्य करावे, असे आम्ही सुचवितो. ज्या वायनरीस आपण माल देतो, तिच्याकडून आपल्या बागेच्या द्राक्षाची वाईन निराळी ठेवून, वर्षातून एकदा आपल्या गटापुढे तिचे परीक्षण करवून घ्यावे. ज्यास पिणे वर्ज्य आहे त्याने नुसती हुंगावी. नाकास कोणताही धर्म आडवा येत नाही. मिरचीचा वास अधिक आला तर पाने पाहावी, फिकी लागली तर घड मोजावे, मऊ लागली तर छाटणीची तारीख पाहावी, अंड्याचा वास आला तर फवारणीची वही उघडावी. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंट, जाती व खुडणीची वेळ यांविषयी माहिती मिळते. तिचाही लाभ घ्यावा.

नाशिक खोऱ्याच्या वाईनला आता भौगोलिक निर्देशाचे नाव मिळाले आहे. बाटलीवर नाव खोऱ्याचे असते, आणि ते खोरे ज्यांनी लावले, छाटले व राखले त्यांचा त्या नावात वाटा आहे. तो वाटा मागण्यास प्रथम आपल्या मालाची चव आपणास ओळखता आली पाहिजे. येत्या सप्टेंबरातील छाटणीपूर्वी प्रत्येकाने आपला करार एकदा काढून वाचावा आणि त्यात वरील पाच गोष्टींपैकी किती आहेत ते मोजून पाहावे.